मीच लिहिलेलं नामंजुरीचं पत्र

लोकांचे क्लेम कसे नाकारायचे हे मला कुणी शिकवू नये. विमा कंपनीच्या आरोग्य विभागात मी बारा वर्षं तेच करते आहे आणि संकोच कशाला करू, उत्तम करते. चाळीस कागदांच्या गठ्ठ्यात नेमका कुठला कागद नाही हे मला गठ्ठा हातात घेतल्या घेतल्या कळतं. त्यामुळे माझ्या स्वतःच्या क्लेमची वेळ आली तेव्हा मी घरात जाहीर केलं, "बघाच तुम्ही. एका फटक्यात मंजूर होतो."

नवरा चित्रकलेचा शिक्षक. तो ब्रश धुता धुता म्हणाला, "तू म्हणतेस तर होईल." सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत. त्या अशा वेळी काही म्हणत नाहीत, नुसत्या चष्म्यावरून बघतात.

क्लेम होता वजनाच्या इंजेक्शनचा. आता तुम्ही मनात म्हणाल, एवढ्यासाठी? तर हो, एवढ्यासाठीच. माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट आहे ती बंद ठेवण्यासाठीच बसवलेली. पहिल्या जिन्याला माझे गुडघे कुरकुरतात, दुसऱ्याला शिव्या देतात. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, "साखर कुंपणावर बसली आहे. आत उडी मारायच्या आधी वजन उतरवा." आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं ते इंजेक्शन लिहून दिलं.

औषधवाल्याने किंमत सांगितली. मी विचारलं, "वर्षाची?"

"महिन्याची."

मी काउंटर धरून उभी राहिले. एवढ्यात आमच्या घरचा किराणा, विजेचं बिल आणि नवऱ्याच्या रंगांच्या ट्यूबा एवढं सगळं येतं, वर चप्पल येते.

पण मी हार मानणारी नाही. आधी औषधवाल्याशीच घासाघीस केली. त्याने नेहमीच्या गिऱ्हाइकाची सवलत दिली, म्हणजे चप्पल वाचली. मग जास्त ताकदीचं इंजेक्शनचं एकच पेन घेऊन थोडं थोडं पुरवता येईल का, असं विचारलं. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसलं काही करू नका," असं तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की मी विचारलंच नव्हतं असा चेहरा केला. नणंदेने फोनवर एक स्वस्त बाटली पाठवते म्हणून सांगितलं. बाटलीचा फोटो आला. त्यावरचं लेबल आमच्या घरात कुणालाच वाचता येईना, आणि झाकणावर घोड्याचं चित्र होतं. डॉक्टरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "हे घेतलंत तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका. म्हणजे येताच येणार नाही."

शेवटी उरला विमा. आमच्या कर्मचाऱ्यांच्या पॉलिसीत डॉक्टरांनी लिहून दिलेली दीर्घकाळची औषधं मिळतात. मग मी तरी का सोडायची?

मी जी फाइल तयार केली ती फाइल नव्हती, दागिना होता. गुडघ्यांचे एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र, पावत्या, प्रत्येक पानावर क्रमांक. नियमाप्रमाणे आपली फाइल आपण तपासायची नसते, म्हणून ती गेली समोरच्या टेबलावर. त्या टेबलावर बसते चिमणी. आवाजावरून हे नाव पडलं. तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागली तेव्हा तिला सगळं काम मीच शिकवलं. मी निश्चिंत होते.

नवव्या दिवशी घरी टपाल आलं. माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर टाइप झालेलं पत्र सहा दिवस प्रवास करून माझ्या दारात पोचलं होतं. नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं.

"आपला दावा खेदपूर्वक नामंजूर करण्यात येत आहे. कारण क्रमांक सात. संतुलित आहार व नियमित व्यायाम यांचा किमान सहा महिने प्रामाणिक प्रयत्न केल्याचा लेखी पुरावा आपण जोडलेला नाही. आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा."

नवऱ्याने पत्र उलटून मागची बाजूही पाहिली.

"भाषा गोड आहे," नवरा म्हणाला. "पण हे 'प्रामाणिक' कशाला? म्हणजे तू लबाडीने व्यायाम करतेस असं म्हणायचंय का यांना? कुठल्या माणसाने लिहिलंय हे?"

"मी," मी म्हटलं.

खरंच मी. पाच वर्षांपूर्वी साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, "वजनाचे क्लेम फार यायला लागलेत. आपल्याकडे सहा कारणं आहेत, अजून एखादं असलं तर बरं." मी जागेवर बसून सातवं लिहून दिलं. 'प्रामाणिक' हा शब्द वाक्याला वजन यावं म्हणून घातला होता. साहेब खूश झाले होते. त्या महिन्यात मी शंभराच्या वर लोकांना उत्तम आरोग्याच्या शुभेच्छा दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी चिमणीसमोर जाऊन उभी राहिले.

"हे काय आहे?"

"मॅडम, पुरावा नव्हता."

"अगं, मला ओळखतेस ना तू? गेल्या वर्षी दोन महिने मी डब्यात नुसती काकडी आणत होते. तुला दिसत होतं."

"दिसत होतं मॅडम. पण लेखी नव्हतं." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "तुम्हीच शिकवलंत, ओळखीच्या माणसाची फाइल दोनदा तपासायची. मी तीनदा तपासली."

आपण लावलेलं झाड आपल्याच डोक्यावर पडलं तर ओरडायचं कुणावर? मी तिथल्या तिथे सांगितलं, "ठीक आहे. मी अपील करणार. आणि असं अपील करणार की तुमच्या सातव्या कारणाला तोंड लपवायला जागा राहणार नाही."

"आपल्या," चिमणी हळूच म्हणाली.

घरी येऊन पुराव्यांचा शोध सुरू झाला. आता आपण खाल्लेल्या जेवणाचं बिल असतं, न खाल्लेल्याचं कुठून आणायचं? तरी मी मागे हटले नाही. तीन व्यायामशाळांच्या वर्षाच्या फीच्या पावत्या मिळाल्या. तिन्ही मिळून मी तिथे एकोणीस दिवस गेले होते, पण पावतीवर दिवस लिहीत नाहीत. व्यायामाच्या सायकलचा फोटो काढला. तिच्यावर टॉवेल वाळत होते, ते बाजूला केले. आहारतज्ज्ञ बाईंचे चार तक्ते सापडले. एकावर लोणच्याचा डाग होता, त्याला इलाज नव्हता.

"साक्षीदार हवा," मी म्हटलं. "माझे प्रयत्न डोळ्यांनी पाहिलेला कुणीतरी."

"मी लिहून देते," सासूबाई म्हणाल्या.

मी जरा दचकलेच. त्यांनी चष्मा पुसला, नवऱ्याच्या चित्रांचा जाड कागद घेतला आणि एकटाकी लिहिलं:

"माझ्या सुनेने गेल्या बावीस वर्षांत एकवीस वेळा डाएट सुरू केलं. मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. ती प्रामाणिक होती. दर वेळी पहिले पंधरा दिवस ती आणि आम्ही सगळे उपाशी असल्यासारखे वागलो. ती खादाड नाही. तिच्याहून जास्त मी खाते आणि माझं वजन एकावन्न किलो आहे. हा अन्याय देवाने केला की शरीराने ते मला माहीत नाही, पण तिने केलेला नाही."

मी तो कागद वाचला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागले. भांडी घासलेलीच होती. बावीस वर्षांत त्या माझ्याबद्दल असं काही बोलतील असं मला वाटलं नव्हतं, आणि बोलल्या त्यासुद्धा विमा कंपनीशी.

मग मी अपील लिहायला बसले. पाच पानं. सुरुवातच केली, "मी गेली बारा वर्षं याच विभागात नोकरी करते, त्यामुळे नामंजुरीची भाषा मला तोंडपाठ आहे." मग गुडघे, मग जिने, मग साखर, मग एकवीस डाएट, मग सासूबाईंची साक्ष. शेवटी लिहिलं, "आजारी माणसाकडे त्याच्या चांगल्या वागणुकीचा दाखला मागायचा कंपनीला अधिकार नाही." हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि मलाच माझा अभिमान वाटला.

सकाळी ऑफिसखालच्या झेरॉक्सच्या दुकानात तीन प्रती काढल्या. गडबड होती, रांग होती. प्रती घेतल्या, वर गेले, सही-शिक्का करून अपील दाखल केलं.

पुढच्या सोमवारपासून सतरा अपिलं आली.

पहिलं चिमणीने उघडलं तेव्हा तिला वाटलं माझंच अपील चुकून दोनदा नोंदलं गेलं. मग दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. मग ती माझ्या टेबलाशी आली. आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता.

"मॅडम, हे एक पोस्टमन आहेत. वय चोपन्न. ते म्हणतात, मी गेली बारा वर्षं याच विभागात नोकरी करते."

"काय?"

"आणि त्यांच्या सासूबाईंनी त्यांची एकवीस डाएट पाहिली आहेत."

मी कागद हातात घेतला. शब्द न् शब्द माझा. स्वल्पविरामसुद्धा माझे. पुढचा अर्ज एका ट्रकचालकाचा, त्याचीही बारा वर्षं याच विभागात. त्यापुढचा शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा. त्यांचं नाव मला आठवत होतं. चार महिन्यांपूर्वी त्यांचा क्लेम मी नाकारला होता. त्या काउंटरवर येऊन हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "पायाचं मशीन आहे हो माझं, गुडघे चालत नाहीत." आणि मी त्यांना सातव्या कारणाखाली रेघ मारून दाखवली होती.

मी तशीच खाली झेरॉक्सच्या दुकानात गेले. दाराला पुठ्ठ्याची पाटी लावलेली: "वजनाचे अपील तयार मिळेल. पाच पाने."

झेरॉक्सवाला मला बघून उठून उभा राहिला. "ताई, एक प्रत मशीनमध्ये राहिली होती. रांगेत तुमच्या मागे शिवणवाल्या बाई होत्या, त्यांनी वाचली आणि रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मलाही अशीच पाहिजे. मग त्यांनी कुणाला सांगितलं, त्यांनी कुणाला सांगितलं. मी झेरॉक्सच्या भावातच देतो हो. वर काही लावलं नाही."

"अहो, पण त्यात माझी सासू आहे."

"तेच तर सगळ्यांना आवडलं," तो म्हणाला.

दुपारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर अठरा अपिलं पंख्यासारखी पसरली होती.

"आपल्या विभागात सतरा माणसं वाढली," साहेब म्हणाले, "आणि मला कुणी सांगितलं नाही."

मी पसरलेली अपिलं गोळा करून गठ्ठा करायला लागले.

"शुक्रवारी मुख्य कार्यालयातले डॉक्टर येतायत सुनावणीला. आता मी सांगतो ते नीट ऐका. तुम्ही लिहून द्या की तुमचं अपील चोरीला गेलं आणि हे सतरा अर्ज बनावट आहेत. ते सतरा आपण एका फटक्यात निकालात काढू. तुमचा मंजूर करू. तुमची फाइल चांगली आहे, मी पाहिली."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला हलकं वाटलं. एका सहीने काम होत होतं. महिन्याचा किराणा, वीज, रंग, चप्पल, सगळं वाचत होतं. मी म्हटलं, "उद्या सांगते."

जिना उतरताना गुडघे नेहमीसारखे बोलत होते. खालच्या पायरीवर शिवणवाल्या बाई बसलेल्या. अपिलाची पोच घ्यायला आल्या होत्या आणि वर चढायच्या आधी दम खात होत्या. मला त्यांनी ओळखलं. वाटलं, आता ऐकवणार.

"तुमचंच होतं ना ते?" त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई वारल्या त्याला आठ वर्षं झाली, पण मी ते वाक्य खोडलं नाही. असं कुणीतरी माझ्याबद्दल लिहावं असं वाटलं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. उठताना आम्ही दोघींनी एकमेकींना हात दिला, आणि कुणी कुणाला उठवलं हे सांगणं कठीण आहे.

शुक्रवारी सुनावणी झाली. मुख्य कार्यालयातले डॉक्टर उंच, काटकुळे, सतत घड्याळ बघणारे. साहेब त्यांच्या शेजारी. चिमणी फाइलींचा ढिगारा घेऊन कोपऱ्यात.

"हं," साहेब म्हणाले, "तर मॅडमचं अपील चोरीला गेलं होतं..."

"चोरीला गेलं नाही," मी म्हटलं. "मी विसरले होते. आणि हे अर्ज बनावट नाहीत."

साहेबांचा चेहरा ताणला गेला. डॉक्टरांनी घड्याळावरून नजर काढली. "बाई, एक पोस्टमन लिहितो की तो तुमच्या विभागात नोकरी करते. 'करतो' नाही, 'करते'. हे बनावट नाही?"

"शब्द उसने घेतलेत डॉक्टर. गुडघे त्यांचे स्वतःचे आहेत. त्यांना असं अपील लिहिता येत नाही म्हणून त्यांनी माझं लिहिलेलं घेतलं. आम्ही त्यांना जी पत्रं पाठवतो तीही सगळी सारखीच असतात. आम्ही शंभर माणसांना एकच पत्र पाठवलं तर ती पद्धत, आणि त्यांनी आम्हाला सतरा सारखी पाठवली तर बनावट?"

"भाषण नको," साहेब म्हणाले. "सातव्या कारणाचं बोला. त्या पुराव्याची अट आहे की नाही?"

तेवढ्यात कोपऱ्यातून बारीक आवाज आला. "सर, मी पॉलिसी तीनदा वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. सातवं कारण मला त्यात कुठे सापडलं नाही."

डॉक्टर चिमणीकडे वळले. "कुठेच नाही? मग ते आलं कुठून?"

साहेब छताकडे बघायला लागले. छतावर पंखा होता, तो बंद होता. मला कळलं की आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही. बारा वर्षांची नोकरी, घराचा हप्ता, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"माझ्या डोक्यातून आलं," मी म्हटलं. "पाच वर्षांपूर्वी मला सांगितलं गेलं की अजून एक कारण हवं, आणि मी ते बनवून दिलं. पॉलिसीत ते नाही. त्या कारणावर मी किती लोकांना परत पाठवलं याचा आकडा मी काढलेला नाही, काढायची भीती वाटते. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण हे अठरा अर्ज सातवं कारण बाजूला ठेवून तपासा. नाहीतर माझाही मंजूर करू नका, मला तो नको."

डॉक्टरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि चिमणीला म्हणाले, "एकेक फाइल द्या."

संध्याकाळपर्यंत ते वाचत बसले. सतरातले चौदा मंजूर झाले. दोघांची कागदपत्रं अपुरी होती, ती मागवायचं ठरलं. उरलेल्या एका गृहस्थांचं वजन अठ्ठावन्न किलो निघालं. झेरॉक्सच्या दुकानात एवढी गर्दी होती म्हणून आपणही एक घेतलं, असं त्यांनी नंतर फोनवर सांगितलं. माझा अर्ज मंजूर झाला. सातवं कारण रद्द झालं. मला एक मेमो मिळाला, वर्षाची पगारवाढ गेली आणि पत्रं लिहिण्याचं काम माझ्याकडून काढून चिमणीला दिलं गेलं. जुन्या नाकारलेल्या फाइली पुन्हा काढून तपासायचं काम मला दिलं. शिक्षा म्हणून दिलं, पण मी ते मागून घेतलं असतं. साहेब अजून माझ्याशी फक्त मान हलवून बोलतात. मी पण हलवते.

पगारवाढ गेली आणि इंजेक्शन मिळालं, म्हणजे शेवटी वाचलं किती, असं नवऱ्याने एकदा विचारलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा चित्राकडे वळला.

दोन महिन्यांनी शिवणवाल्या बाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. त्यांचा भाऊ आचारी आहे, मोठमोठ्या समारंभांना जेवण करतो. झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत टेबलं मांडली होती. पोस्टमन आले, ट्रकचालक आला, सगळे आले. माझ्या सासूबाईंना तर खास आमंत्रण होतं. आचाऱ्याने जीव ओतून रांधलं होतं. भात, रस्से, तळलेलं, दोन प्रकारचं गोड. वासाने खोली भरून गेली होती.

आम्ही पंधरा जण पानावर बसलो. प्रत्येकाने दोन घास घेतले, फार तर तीन. मग एकेकाचा हात थांबला. आठ आठवडे इंजेक्शन घेतलेली पंधरा माणसं, भूक नावालाही नाही. ट्रकचालक भाताचा एक डोंगर करायचा, मग तो मोडायचा, मग पुन्हा करायचा. पोस्टमननी गोडाची वाटी हळूच माझ्याकडे सरकवली, मी ती शिवणवाल्या बाईंकडे सरकवली, त्यांनी ती पुढे. वाटी टेबलाला फेरी मारून पोस्टमनकडे परत आली.

आचारी वाढायला आला आणि भरलेली ताटं बघून जागच्या जागी थांबला. डाव त्याच्या हातातच राहिला.

"काय चुकलं? मीठ जास्त झालं का?" त्याने विचारलं.

"नाही, नाही, उत्तम झालंय," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

"मग कुणी जेवत का नाही? तीस वर्षांत माझं पातेलं असं भरलेलं परत गेलं नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मुख्य कार्यालयातल्या डॉक्टरांसमोर बोलणारी मीच ना. मी घसा साफ केला आणि सांगितलं, "अहो दादा, आम्ही सगळे भूक न लागण्याच्या औषधावर आहोत."

तो आमच्याकडे बघत राहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मग जेवायला कशाला बसलात?"

इतकं सरळ कुणी मला सुनावणीतसुद्धा विचारलं नव्हतं. आम्ही पंधराही जण ताटात बघत बसलो. शेवटी टेबलाच्या टोकाहून सासूबाईंनी ताट उचलून पुढे धरलं.

"त्यांचं सोडा," त्या म्हणाल्या. "इकडे वाढा."